चि. सईस: बोलिंग आणि जिम्नॅस्टिक्सच्या अजिंक्यपदांविषयी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

कॅम्पसवरच्या अंकासाठी कॉलेज बोलिंग आणि जिम्नॅस्टिक्स या दोन्ही अजिंक्यपदांवर मिळून एकच लेख लिहायचाय म्हणालीस. लिंकनमध्ये, नेब्रास्का विद्यापीठाच्या गावात राहून हा विषय हाती आला, हे बरं झालं. नेब्रास्काचे दोन्ही खेळांत संघ आहेत आणि 2004 साली एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, महिला बोलिंगचं अजिंक्यपद सुरू केलं, तेव्हा पहिला मान नेब्रास्कानेच मिळवला होता.

कोण जिंकणार, या प्रश्नाला एकदम हात घालू नकोस. आधी वाचकाला सांग की कुठल्या खेळात संघाची किती चूक पोटात घातली जाते. दोन्ही खेळ एका लेखात बसतात ते त्यामुळेच.

जिम्नॅस्टिक्समध्ये प्रत्येक साधनावर सहा मुली उतरतात आणि पाच जणींचे गुण धरतात. व्हॉल्ट (टेबलावरून उडी), अनइव्हन बार्स (उंच-सखल दांड्या), बीम (अरुंद पट्टी), फ्लोअर अशी चार साधनं, म्हणजे दहापैकी दिलेले वीस वेगवेगळे गुण मोजले जातात. 198 ची बेरीज म्हणजे त्या वीस गुणांची सरासरी 9.9. एक मुलगी बीमवरून पडली, 0.5 गेले, तरी तिचा गुण सहावा म्हणून बाद होतो आणि संघाला ओरखडासुद्धा उठत नाही. त्याच साधनावर दुसरी पडली की मात्र अख्खा अर्धा गुण जातो. 2025 च्या अंतिम फेरीत ओक्लाहोमा 198.0125 आणि यूसीएलए 197.6125 होते. फरक 0.4. एवढ्यात एक मोजली जाणारी पडझडही बसत नाही. तिसऱ्या मिझुरीत आणि चौथ्या युटात तर फक्त 0.0125 चं अंतर होतं. अंतिम फेरीला नेहमीपेक्षा जास्त पंच असतात, त्यांच्या सरासरीतून असे बारीक तुकडे पडतात.

हे गुण जातात कुठे ते नीट लिही, कारण टीव्हीवर बघणाऱ्याला फक्त पडणं दिसतं. बार्सवर हँडस्टँड उभ्या रेषेपर्यंत पोचला नाही, बीमवर तोल सावरताना कंबर हलली, उडीत पाय पुरेसे फाकले नाहीत, फ्लोअरवर टाच रेषेबाहेर गेली, लँडिंगला एक छोटं पाऊल पडलं. प्रत्येकाला 0.05, 0.1 अशी कात्री लागते. व्हॉल्टवर आणखी एक गोष्ट बघायची: उडीची सुरुवातीची किंमत. युरचेंको (पाठमोरी साधनावर जाण्याची उडी) दीड पिळाची, म्हणजे हवेत दीड गिरकीची असेल तर 10 पासून मोजतात, एकाच पिळाची असेल तर त्याहून खालून. म्हणजे संघात दीड पिळवाल्या किती मुली आहेत आणि त्यांतल्या किती जणी जागच्या जागी रुतून उभ्या राहतात, हे दोन आकडे मिळव. अवघड उडी मारून दोन पावलं पुढे जाणारीपेक्षा सोपी उडी मारून न हलणारी संघाला जास्त देऊन जाते.

क्रमवारीच्या आकड्यावर डोळे मिटून भिस्त ठेवू नकोस. तिथे संघाचे सहा सर्वोत्तम गुण घेतात, त्यांतले निदान तीन बाहेरच्या मैदानावरचे असावे लागतात, सर्वांत मोठा गुण काढून टाकतात आणि उरलेल्या पाचांची सरासरी लावतात. पडझड झालेली लढत त्या हिशेबात येतच नाही. 2024 मध्ये पहिल्या क्रमांकाचं ओक्लाहोमा उपांत्य फेरीत व्हॉल्टवर गडबडलं आणि बाहेर गेलं. 2025 मध्ये गतविजेतं एलएसयू उपांत्य फेरीतच थांबलं. चार संघांतून दोनच पुढे जातात, तिथे एक वाईट साधन पुरतं. म्हणून बाहेरच्या मैदानांवरचे बीमचे गुण वेगळे काढून बघ. आणि कोण कुठल्या साधनावर सुरू करतं तेही दे: फ्लोअरवर सुरू करणारा संघ शेवटी दहा सेंटिमीटर रुंदीच्या बीमवर येतो, तेही निकाल डोळ्यांसमोर असताना. दोन साधनांनंतरची बेरीज बघून आघाडी ठरवू नये, एवढं वाचकाला आवर्जून सांग.

आता बोलिंग. इथे बाद करायला सहावा गुण नाही. अंतिम लढत बेकर पद्धतीने होते, सातपैकी चार गेम जिंकेल तो विजेता. पाच जणी मिळून दहा फ्रेमचा (फ्रेम म्हणजे दहा पिना पाडायच्या दोन संधी) एकच गेम टाकतात: पहिली मुलगी पहिली आणि सहावी फ्रेम, दुसरी दुसरी आणि सातवी, असं करत पाचवीकडे पाचवी आणि दहावी. लेनची जोडी असते आणि फ्रेमगणिक लेन बदलते. म्हणजे एका मुलीच्या वाट्याला एका गेममध्ये प्रत्येक लेनवर एकच फ्रेम. स्वतःच्या चेंडूवरून लेन ओळखायला तिला सवडच नसते. आधीच्या मुलीने परत येऊन काय सांगितलं, त्यावर तिला उभं राहायची जागा ठरवावी लागते. बेंचवर कोण कोणाशी काय बोलतं ते बघ, तुझा लेख तिथेच सापडेल.

लेनवरचं तेल दिसत नाही, पण सगळा खेळ त्यावर चालतो. क्लबातल्या लेनवर मधे भरपूर आणि कडेला थोडं तेल असतं, त्यामुळे चेंडू बाहेर गेला तरी वळून पॉकेटकडे, म्हणजे पहिल्या पिनेच्या बाजूच्या फटीकडे, येतो. स्पर्धेच्या लेनवर हा फरक खूप कमी ठेवतात, लेनच्या दोन फळ्यांची चूकही महागात पडते. शिवाय चेंडू तेल पुसून नेतो. जिथे सगळ्या जणी टाकतात तिथली लेन कोरडी होते, चेंडू लवकर वळतो आणि पहिल्या पिनेवर नाकासमोर आदळून स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून दूर पिना, उरतो. उजव्या हाताची मुलगी मग पाय दोन फळ्या आणि नजर एक फळी डावीकडे सरकवते, नाहीतर चेंडू बदलते. उशिरा सरकणारा संघ तिसऱ्या-चौथ्या गेममध्ये घसरतो.

स्पेअरचा हिशेब उदाहरणाने दे. नऊ पिना पाडून दहावी सोडली तर फ्रेमचे 9. ती दुसऱ्या चेंडूत पाडली (हाच स्पेअर) आणि पुढच्या मुलीने पहिल्याच चेंडूत दहाही पाडून स्ट्राइक मारला, तर तिचे 10 जोडून 20. एका पिनेचे 11 झाले. म्हणून संघांची स्ट्राइकची नाही, मोकळ्या, म्हणजे पिना उरलेल्या, फ्रेमची संख्या शोध. चौथ्या जागेवर कोण आहे तेही बघ. नववी फ्रेम तिची असते, आणि तिथे स्ट्राइक पडला तरच शेवटच्या मुलीच्या दहाव्या फ्रेमला खरी धार येते.

अंतिम लढतीआधीच्या फेऱ्यांत पूर्ण संघाचा गेम (प्रत्येक जण स्वतःचा पूर्ण गेम टाकते), मग पाच बेकर गेमांची बेरीज आणि बरोबरी झाली तरच सातांची मालिका असते. बेरजेत एक मोठा गेम बाकीचे झाकतो, मालिकेत झाकत नाही. म्हणून दोन्हींतली कामगिरी वेगवेगळी मांड.

परंपरेला फार वजन देऊ नकोस. जॅक्सनव्हिल स्टेटने पहिल्याच मोसमात, 2024 ला, अजिंक्यपद घेतलं. त्यांच्या प्रशिक्षक शॅनन ओकीफ यांनी आधी मॅकेंड्रीला 2017 आणि 2022 मध्ये जिंकून दिलं होतं. 2025 ला यंग्सटाउन स्टेट जिंकलं. नेब्रास्काबद्दल लिहितानाही आपलं विद्यापीठ म्हणून हात सैल सोडू नकोस.

मसुदा झाला की पाठव. बेरजा मी तपासते, विशेषतः जिम्नॅस्टिक्सच्या दशांशानंतरच्या. जेवण वेळेवर घे.

तुझी,
आई