मॅग्नेशियमच्या गोळ्या विचारून घ्या

माननीय संपादक,
पायात गोळे आले की लोक हल्ली सरळ मेडिकलमधून मॅग्नेशियमच्या गोळ्या आणतात, डॉक्टरला विचारतच नाहीत, याची खरंच काळजी वाटते. किडनी नीट चालत नसेल तर जास्तीचं मॅग्नेशियम रक्तात साठतं, बीपी उतरतं, हृदयाचे ठोकेही मंदावू शकतात. उलट ॲसिडिटीची ओमेप्रॅझोलसारखी गोळी वर्षभर चालू असेल तर तेच मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने) २०११ मध्येच तसा इशारा दिलाय, पण रोज सकाळी उपाशीपोटी ती घेणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगितलंय? तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शेंगदाणे, राजगिरा यात मॅग्नेशियम भरपूर असतं, मैद्यात मात्र कोंड्यासोबत बरंचसं निघून जातं. निदान मेडिकलवाल्यांनी गोळी देताना किडनीचा त्रास आहे का एवढं तरी विचारावं.

– एक वाचक, सातारा