दांड्यावरचं पिल्लू आणि पिठ्या ढेकूण

नाशिक, २४ फेब्रुवारी

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं, फोटोही मिळाले. मोठे करून नीट पाहिले. तुझ्या फॅलेनोप्सिस ऑर्किडच्या पानाच्या बेचक्यात दिसतोय तो पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूणच, झाडाचा रस शोषणारी कीड, त्यात शंका नको. आणि त्याच झाडाच्या फुलदांड्यावर, मधल्या डोळ्यातून, दोन इवल्या पानांचं जे रोप फुटलंय ते पिल्लू. ऑर्किडवाले त्याला केकी म्हणतात. तू लिहिलंयस, ‘पिल्लू कापून घेतो आणि झाड टाकून देतो.’ कृपा करून तसं करू नकोस. त्या पिल्लाला अजून एकही मूळ नाही, ते सगळं आईच्या जिवावर चाललंय. शिवाय त्याच्या पानांच्या खाचेत दोन-चार किडे आधीच जाऊन बसले असतील. म्हणजे झाड जाईल, पिल्लू जाईल आणि ढेकूण तेवढा घरात उरेल. आधी झाड स्वच्छ, मग वाढ. हा क्रम मोडू नकोस, एवढंच मला सांगायचंय. बाकीचं पत्र म्हणजे हे कसं करायचं याचा तपशील.

या किडीची मला एवढी माहिती कशी, तर ती आमच्या जिल्ह्याची जुनी वैरीण आहे. निफाडकडे माझ्या चुलतभावाची द्राक्षबाग आहे. तिथे पिठ्या ढेकूण वेलीच्या सुटलेल्या सालीखाली लपतो आणि माल भरात आला की घडात शिरतो. चिकटा पडतो, त्यावर काजळी धरते आणि घड कवडीमोल होतो. म्हणून बागायतदार नुसत्या फवारणीवर विसंबत नाहीत. खोडाची सुटी साल काढून टाकतात, आधी मुंग्या बघतात. मुंगी खोडावर चढउतार करायला लागली की वर कुठेतरी ढेकूण आहे हे ओळखायचं. मुंगीला तो गोड चिकटा हवा असतो, म्हणून ती ढेकणाची राखण करते, त्याला खाणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावून लावते आणि पिलांना नव्या फुटीवर नेऊनही सोडते. तुझ्या गॅलरीत कुंडीच्या कडेने मुंग्यांची रांग आहे असं तू पत्राच्या शेवटी सहज लिहून टाकलंयस. मधू, तीच पहिली खूण होती. आजच कुंड्या पाण्याच्या परातीत विटेच्या तुकड्यावर ठेव, म्हणजे मुंगीची वाट तुटेल. विटेचा माथा पाण्याच्या वर हवा, कुंडीचं बूड पाण्यात बुडता कामा नये.

आता औषध का चालत नाही ते सांगतो. मादीच्या अंगावर मेणचट पांढरी पूड असते, तिच्यावरून पाणी ओघळून जातं. अंडी कापसाच्या पिशवीत असतात, एका पिशवीत शेकड्याने. तिथेही फवारा पोचत नाही. पण अंड्यातून निघालेलं पिलू पिवळसर-गुलाबी, उघडं आणि चालतं असतं. त्याच्या अंगावर अजून मेण नसतं आणि मार खातं ते तेव्हाच. उन्हाळ्यात अंड्यापासून मादीपर्यंतचा फेरा साधारण महिन्याभरात पुरा होतो. म्हणून एकदाच जोर लावून काही होत नाही. दर सात दिवसांनी, निदान चार-पाच वेळा, हात फिरला पाहिजे. बहुतेकांचं इथेच फसतं. पहिल्या आठवड्यात झाड चकाचक दिसतं, माणूस निश्चिंत होतो आणि महिन्याने पुन्हा कापूस.

करायचं काय, तर औषधाच्या दुकानातून सर्जिकल स्पिरिट किंवा ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आण आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या. झाड उन्हातून आत घे. वाचायचा चष्मा लाव, जमलं तर भिंगही घे. एकेक पान खालून धरून वर उचल, देठ जिथे खोडाला मिठी मारतो तिथे काडी फिरव. स्पिरिट लागलं की पांढरी पूड विरघळते आणि आतला किडा तपकिरी-गुलाबी होऊन काडीला चिकटतो, तो डोळ्यांनी दिसतो. खोडाच्या तळाशी वाळलेल्या पानांची कागदासारखी पापुद्री राहिली असेल ती उभी चिरून ओढून काढ, त्याखालीच त्यांची वस्ती असते. तुझ्या दुसऱ्या ऑर्किडच्या, डेंड्रोबियमच्या, कांड्यांवरचं वाळकं आवरणही असंच उतरवायचं. फुलदांड्याच्या प्रत्येक डोळ्यावर जो छोटा त्रिकोणी पदर असतो, त्याच्या आत काडीचं टोक घालून बघ. पिल्लाच्या खाचेत मात्र स्पिरिट ओतू नकोस, जेमतेम ओली काडी फिरव. फॅलेनोप्सिसच्या गाभ्यात, जिथून नवं पान निघतं तिथे, काहीही ओलं साचू देऊ नकोस. पाणीसुद्धा. तुझ्या डोंबिवलीच्या दमट हवेत गाभा एकदा सडला की झाड वाढायचं थांबतं, कारण त्याला वाढीचं टोक एकच असतं.

मग कुंडीतून काढ. ढेकूण मुळांतही असतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं. जुना कोळसा, सोडणं, सगळं टाकून दे, आणि ते दुसऱ्या झाडाच्या कुंडीत नाही, थेट कचऱ्यात. मुळं कोमट पाण्याखाली धुऊन घे. चांगलं मूळ दाबलं तर टणक लागतं, कोरडं असताना रुपेरी दिसतं आणि पाणी पडताच हिरवं होतं. त्याच्या अंगावर स्पंजासारखा थर असतो, तो पाणी टिपून घेतो. कुजलेलं मूळ पोकळ लागतं, साल निसटून हातात येते आणि आत दोरा उरतो. तेवढीच कापून टाक. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर धर, आणि प्रत्येक झाडाला नव्याने. ऑर्किडला विषाणूचे रोग होतात, सिंबिडियम मोझॅक त्यातला नेहमीचा. तो कात्रीला लागलेल्या रसातून एका झाडातून दुसऱ्यात जातो आणि त्याला औषध नाही. स्पिरिटने पुसलेल्या पात्यावर त्यासाठी विसंबू नये.

दुसऱ्या आठवड्यापासून निंबोळी तेल. लिटरभर कोमट पाण्याला पाच मिली तेल आणि सौम्य लिक्विड साबणाचे काही थेंब, नाहीतर तेल पाण्यावर तरंगत राहतं. संध्याकाळी मार, पानांच्या खालून मार, फुलांवर नको. सकाळी मारून झाड उन्हात राहिलं तर पानं भाजतात. कपड्याची पावडर वापरायचं तू विचारतोयस, ती नको. शेजाऱ्यांनी सुचवलेलं तंबाखूचं पाणीही नको, निकोटिन माणसाला विषारी असतं आणि तुझ्या घरात नातवंडं रांगताहेत. द्राक्षात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक वापरतात हे खरं, पण ते मधमाश्यांना घातक आहे आणि चार कुंड्यांच्या गॅलरीत त्याचं काही काम नाही.

एक गोष्ट नक्की पाहून ठेव. भावाच्या बागेत क्रिप्टोलीमस नावाचे भुंगेरे सोडतात. त्यांची अळी पिठ्या ढेकणासारखीच दिसते, अंगभर पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या. फरक एवढाच की ती आकाराने मोठी असते आणि तुरुतुरु चालते. ढेकूण असा कधी पळत नाही. भावाने मला ती अळी एका पानावर दाखवली होती, ढेकणाच्या अंड्यांच्या पिशवीत डोकं खुपसून खात बसली होती. तुझ्या झाडावर असलं काही पळताना दिसलं तर मारू नकोस.

बाकीच्या किडी थोडक्यात. आमच्याकडे होळी झाली की हवा कोरडी ठणठणीत होते आणि लाल कोळी येतो. पान वरून धुरकट, बारीक ठिपक्यांचं दिसायला लागतं. पांढरा कागद पानाच्या खालून फिरवला की तांबूस रेघ उमटते, म्हणजे कोळी. रोज पानांची खालची बाजू पाण्याने धुतली आणि कुंड्यांखाली खडी-पाण्याचे ट्रे ठेवले की माझ्याकडे तो वाढत नाही. तुझ्याकडे दमटपणा असल्याने त्याचा त्रास कमी होईल, पण पावसाळ्यात गोगलगाई येतील. त्या मुळांची हिरवी टोकं आणि कळ्या खातात. रात्री काकडीची चकती कुंडीत ठेवायची आणि टॉर्च घेऊन वेचायच्या, यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही. खवले कीड पानाच्या मधल्या शिरेवर तपकिरी टिकलीसारखी बसते, ती नखाने खरवडून वर स्पिरिट.

आता पिल्लाकडे येतो, कारण हे सगळं त्याच्याचसाठी.

फुलदांड्यावर फुलाऐवजी पिल्लू का आलं, याचाही विचार कर. फॅलेनोप्सिसला दांडा काढायला थोडे आठवडे २५ अंशांच्या खालची हवा लागते. नाशिकला दिवाळीनंतर रात्री गार पडतात आणि दांडे आपोआप येतात. दांडा आल्यावर हवा उबदार राहिली की डोळ्यातून कळीऐवजी पिल्लू फुटू शकतं. कधी मुळं कुजली किंवा गाभा गेला की झाड शेवटची धडपड म्हणूनही पिल्लू काढतं. म्हणून मुळं बघायला सांगितलं. मुळं चांगली असतील तर आनंद आहे. वाईट असतील तर आईला जगवणं दुप्पट महत्त्वाचं, कारण पिल्लाचं पोषण तिच्यातूनच चाललंय.

पिल्लू दांड्यावरच राहू दे. काही महिने लागतील. त्याला आधी पानं येतील, मग बुडातून मुळांचे कोंब फुटतील. मुळाचं टोक चकचकीत हिरवं, कधी तांबूस असतं. ते दिसलं की भोवती ओलसर स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, सैल गुंडाळ आणि दोऱ्याने हलकेच बांध. दोन-तीन पानं आणि पाच-सहा सेंटिमीटर लांबीची निदान दोन मुळं झाली की मगच कापायचं. कापताना दोन्ही बाजूंना थोडा दांडा ठेव. जखमेवर दालचिनीची पूड दाब, बुरशी धरत नाही. ती मुळांना मात्र लागू देऊ नकोस, मुळं सुकतात. कुंडी लहान हवी. बुडाला भोकं पाडलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा ग्लास उत्तम, मुळं हिरवी आहेत की रुपेरी हे बाहेरूनच दिसतं आणि पाणी कधी द्यायचं ते विचारावं लागत नाही. फूल यायला दोन-तीन वर्षं धर.

डोळ्यावर लावून पिल्लू फोडायची ‘केकी पेस्ट’ तू विचारलीस. तिच्यात सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक असतं, बहुतेक वेळा सिक्स-बीए नावाचं. इथे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षात घडनिर्मितीसाठी तेच वापरतात, त्यामुळे नाशिकच्या कृषी केंद्रात नाव घेतलं की ओळखतात. पण आजारी झाडाला ती लावू नये. डोळा फोडायला झाडाच्या अंगात ताकद लागते.

आणि शेंगेतल्या बियांचं. तुझ्या डेंड्रोबियमला शेंग धरलीय, ती पेरायची हौस मी समजू शकतो. पण ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक, एका शेंगेत लाखांनी, आणि त्यात उगवायला लागणारा अन्नसाठाच नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशी त्याला अन्न पुरवते, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये ओळखलं. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या आगरवर (जेलीसारख्या पदार्थावर) बी उगवून दाखवलं आणि १९६० च्या सुमारास जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून रोपं करायची वाट मोकळी केली. आज बाजारातली बहुतेक फॅलेनोप्सिस अशा बाटल्यांतूनच येतात. तेव्हा घरी मातीत बी टाकून हाती काही लागणार नाही. शेंग काढून टाक, झाडाची शक्ती वाचेल. डेंड्रोबियमला वाढवायचंच असेल तर जुन्या, पानं गळलेल्या कांड्यांवर पिल्लं येतात ती घे, किंवा गड्डा फोड. प्रत्येक तुकड्यात निदान तीन कांड्या हव्यात, आणि नव्या मुळांचे कोंब दिसायला लागले तेव्हाच फोडायचं.

त्र्यंबककडे येऊ तेव्हा जंगलातल्या झाडावरची एखादी आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, काढून आणू, असंही तू लिहिलंयस. ते मात्र होणार नाही. ती त्या सालीवर, त्या धुक्यात आणि त्या बुरशीच्या सोबतीने वाढलेली असते. गॅलरीत येऊन ती बहुतेक मरते आणि तिथून एक झाड कायमचं कमी होतं. ये, आपण पाहायला जाऊ. पाऊस लागला की कातळावर हबेनारिया या आमरीची पांढरी फुलं येतात, ती दाखवतो.

तोवर दर रविवारी सकाळी काडी आणि भिंग घेऊन बस. उरलेली झाडं त्या कुंडीपासून दूर, दुसऱ्या खिडकीत ठेव आणि त्यांचीही पानं उलटून बघ. तिसऱ्या रविवारी मला दांड्याच्या डोळ्यांचा आणि मुळांचा जवळून फोटो पाठव. मॉस तिकडे चांगलं मिळत नसेल तर कळव, पुढच्या आठवड्यात पुतण्या मुंबईला येतोय, त्याच्याबरोबर देतो. थोडी द्राक्षंही पाठवीन, काढणी जोरात चालू आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नाना