आरोपपत्राबाहेर राहिलेला कागद

महोदय,

नाशिकमध्ये जून 2003 मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बलात्कारही झाला. या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना सत्र न्यायालयाने 2006 मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तिघांची फाशी कायम ठेवून उरलेल्यांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात सगळ्यांना निर्दोष सोडले. तीन पायऱ्यांवर तपासला गेलेला पुरावा मुळातच पोकळ होता.

घटनेनंतर दोनच दिवसांनी वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंमधून चौघांना ओळखले होते. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर तिचा तसा जबाबही झाला. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्यांचा पुढे तपासच केला नाही आणि ही गोष्ट सरकार पक्षाने दडवली. आरोपी अत्यंत गरीब, तळच्या थरातले, म्हणून खोटे गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले. 1871 च्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला. पण दरोडा पडला की आधी भटक्यांच्या पालांवर (तंबूंच्या वस्त्यांवर) जाण्याची पोलिसांची सवय गेलेली नाही.

ओळख परेडचे, म्हणजे साक्षीदाराने रांगेतून आरोपी ओळखण्याचे, नियम आपल्याकडे चांगले आहेत. एका आरोपीसोबत किमान सहा, दोघांसोबत दहा-बारा सारख्या दिसणाऱ्या व्यक्ती उभ्या करायच्या, पोलिसांनी खोलीत थांबायचे नाही. बिघडते ते परेडच्या आधीच. आरोपीला तोंड न झाकता आणतात, साक्षीदाराला ठाण्यात बसवून ठेवतात, परेडला आठवडेच्या आठवडे उशीर होतो. उन्हात राबलेल्या मजुराच्या शेजारी शहरी कपड्यातली माणसे उभी केली, तर आकडा भरतो, परेड मात्र फुकट जाते. म्हणून सोबत उभे केलेल्यांचे वय, अंगकाठी, पेहराव आणि आरोपीची हरकत परेडच्या लेखी निवेदनात लिहिलेली आहे का, हे बचावाच्या वकिलाने उलटतपासणीआधी पाहायलाच हवे. परेड हा मुळात स्वतंत्र पुरावा नाहीच, न्यायालयातल्या साक्षीला तो फक्त पुष्टी देतो.

याहून मोठा प्रश्न आरोपपत्रात न आलेल्या कागदांचा आहे. तपास अधिकारी ज्यावर विसंबतो तेच कागद आरोपीला मिळतात. वर सांगितलेल्या जबाबासारखा कागद फायलीतच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये फौजदारी कामकाजाचे नमुना नियम राज्यांना लागू करायला सांगितले. न वापरलेले जबाब, दस्तऐवज आणि वस्तू यांची यादीही आरोपीला द्यावी, असे त्यात आहे. त्याच न्यायालयाच्या मे 2022 च्या निकालाने त्यावर पुन्हा जोर दिला. यादी मिळाली की त्यातला हवा तो कागद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली मागता येतो. यादीच नसेल तर काय मागायचे, हे आरोपीला कळणार कसे? विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी तरी दोषारोप निश्चितीआधी, म्हणजे न्यायालय आरोप ठरवण्याआधी, या यादीसाठी लेखी अर्ज द्यावा, आणि न्यायाधीशांनी ती नसेल तर तशी नोंद रोजनाम्यात करावी.

नुकसानभरपाईचे बोलायचे तर या सहांना सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला लावले. तो न्यायालयाचा आदेश होता, कायद्याने मिळालेला हक्क नव्हे. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा नव्या संहितेतही 1,000 रुपयेच आहे. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी विशेष न्यायालयांची शिफारस केली. त्याप्रमाणे स्वतंत्र कायदा अजून व्हायचा आहे.

दोषी अधिकारी शोधून त्यांच्यावर कारवाई करा, असेही 2019 च्या निकालात राज्याच्या गृह विभागाला सांगितले होते आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली होती. त्या चौकशीचा अहवाल गृह विभागाने जनतेसमोर ठेवावा.

– एक वाचक, नाशिक