अकरावीला कॉम्प्युटर घेताना

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजात पालकांची एकच मागणी असते, "पोराला कॉम्प्युटर इंजिनीअर करायचंय मॅडम, कॉम्प्युटर सायन्स मिळवून द्या." मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला आयटी (माहिती तंत्रज्ञान) आणि बायफोकलचे, म्हणजे दोन विषयांच्या जागी घ्यायचे, कॉम्प्युटर सायन्स शिकवते. हे विषय मुलांनी घ्यावेत असे मला मनापासून वाटते. पण अकरावीला कॉम्प्युटर घेतला तरच कॉम्प्युटर इंजिनीअर होता येते, ही ज्या समजुतीवर ते घेतले जातात ती चुकीची आहे आणि तिच्यापायी मुलांचे नुकसान होते, म्हणून हे पत्र.

इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी राज्याची जी सीईटी परीक्षा असते, तिच्या पीसीएम गटात भौतिकशास्त्राला 50, रसायनशास्त्राला 50 आणि गणिताला 100 गुण असतात. कॉम्प्युटर सायन्सवर एकही प्रश्न नसतो. देशपातळीवरच्या जेईई प्रवेश परीक्षेचेही तसेच. त्यामुळे अकरावीला हा विषय न घेतलेली मुलेही कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला बिनदिक्कत जातात. बायफोकल मात्र 200 गुणांचे. ते घेतले की दुसरी भाषा जाते आणि बहुतेकांचे जीवशास्त्रही जाते. मग वर्ग सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की काही घरांत मेडिकलचा विचार निघतो आणि विषय बदलून घेण्यासाठी धावाधाव सुरू होते. त्यात हा विषय बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, त्यामुळे त्याची वेगळी फी भरावी लागते. शेतकऱ्याच्या घरात जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, ती कुठून काढली जाते हे मी बघते.

मग हा विषय घ्यायचा कशासाठी? तर शिकण्यासाठी. सी++ या भाषेत प्रोग्रॅम लिहिणे, डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडून ठेवण्याच्या पद्धती), वेबपाने बनवण्याचे एचटीएमएल हे सगळे त्यात आहे. दुसऱ्या पेपरात 8085 मायक्रोप्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचे काम चालवणारी चिप, आहे. इंटेलने तो 1976 मध्ये आणला, म्हणून शहरातले लोक या अभ्यासक्रमाला नावे ठेवतात. मला ते पटत नाही. ही चिप बसवलेल्या सरावाच्या किटवर एकेक कोड हाताने भरून दोन संख्यांची बेरीज करून घेतली की मशीन आतून कसे चालते ते मुलाला कळते, आणि ते ज्ञान जुने होत नाही. ज्याला यात गोडी आहे त्याने फीचा विचार करूनही हा विषय जरूर घ्यावा.

आयटीची गोष्ट वेगळी आहे. हा विषय कला आणि वाणिज्य शाखेलाही घेता येतो, हे कित्येक पालकांना कोणी सांगतच नाही. 80 गुणांची परीक्षा ऑनलाइन आणि 20 गुणांचे प्रॅक्टिकल. आमच्याकडे कला शाखेच्या एका मुलीने आईच्या बचत गटासाठी पापड-कुरडयांचे दर दाखवणारे पान तयार केले. दोन रकमा भरल्या की बेरीज यायला हवी होती. तिने 20 आणि 5 भरले, उत्तर आले 205. मी मुद्दाम काही बोलले नाही. तिने वहीत पुन्हा पुन्हा लिहून बघितले, आणि शेवटी तिच्याच लक्षात आले की चौकटीत भरलेला आकडा जावास्क्रिप्ट (वेबपानाची प्रोग्रॅमिंग भाषा) मजकूर म्हणून घेते आणि एकापुढे एक चिकटवते. त्याचा आधी नंबर करून घ्यावा लागतो. तो बदल केला आणि 25 आले. पाठ केलेली एसओपी, म्हणजे प्रॅक्टिकलची ठरलेली उदाहरणे, परीक्षेत उतरवून आलेल्या मुलांना हे कधीच सापडले नसते.

पण आयटी घेण्यामागेही बरेचदा एकच कारण असते, मराठीपेक्षा आयटीत मार्क जास्त पडतात. मराठी सक्तीचा 2020 चा कायदा दहावीपर्यंतच आहे. अकरावीत आयटी निवडले की मराठी सुटते. जिला वाचनाची ओढ आहे अशा मुलीला पाच-सात मार्कांसाठी मराठी सोडायला लावू नये, असे मी आयटीची शिक्षिका असूनही म्हणते.

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. फॉर्म भरताना मुलांना कॉलेजांची यादी दिसते. त्या यादीत प्रत्येक कॉलेजपुढे लॅबमध्ये किती कॉम्प्युटर चालू आहेत, विषयाला पूर्ण वेळ शिक्षक आहे का आणि फी किती, एवढी माहिती शिक्षण विभागाने बंधनकारक करावी. एका मशीनवर चार-चार मुले बसली तर एकाचा हात कीबोर्डवर आणि तिघे नुसते बघे, हे मी एका कॉलेजात स्वतः पाहिले आहे. वर्षाअखेरीस चौघांच्याही जर्नलवर सह्या झालेल्या होत्या. कोणत्या विषयामुळे पुढचा कोणता मार्ग बंद होतो, हेही माहितीपुस्तिकेत मराठीत, ठळक छापले जावे.

तोवर पालकांनी एवढे तरी करावे. फी भरण्याआधी लॅब उघडून दाखवायला सांगावी आणि बारावीतल्या एखाद्या मुलाला विचारावे, आठवड्यात तुझा स्वतःचा हात किती वेळ मशीनवर असतो?

आपली,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षिका,
ता. सिन्नर, जि. नाशिक