पन्हाळ्याच्या गाईडकाकांना, साल्झबर्गहून परत आल्यावर

काका,

सप्रेम नमस्कार. तुम्हाला आम्ही आठवणार नाही. पन्हाळ्यावर रोज शेकडो माणसं येतात, त्यातलंच आमचं एक कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं कुटुंब, मुंबईचे पाहुणे घेऊन आलेलं. झुणका-भाकरीची ऑर्डर देऊन ठेवली होती आणि ‘लवकर आटपा’ म्हणून आमच्या ह्यांनी तुमच्यामागं टुमणं लावलं होतं. तुम्ही म्हणालात, “भाकरी गार झाली तर दुसरी थापतील. आधी अंधारबाव, ती झाकलेली विहीर, बघा.” गडावर गेलं की पाणी कुठं आणि दाणा कुठं ते आधी विचारायचं, राजाची खोली मागनं बघायची, हे तुम्ही त्या दिवशी सांगितलंत. त्याचे आभार मानायला हे पत्र. तुमचा पत्ता नाही, म्हणून असं उघड लिहितेय. गडावरचं कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

मुलगा म्युनिकला नोकरीला आहे. त्याच्याकडं गेलो होतो, तिथून रेल्वेनं साल्झबर्ग दोन तासांच्या आत. देश बदलतो, ऑस्ट्रिया लागतो. गावाच्या डोक्यावरच होहेनसाल्झबर्ग नावाचा पांढराशुभ्र किल्ला, खाली साल्झाख नदी. १०७७ मध्ये गेबहार्ड नावाच्या आर्चबिशपनं तो बांधायला घेतला. पोप आणि सम्राट यांचं भांडण पेटलं होतं आणि हा पोपच्या बाजूचा. म्हणजे धर्मगुरू, पण गड बांधून राहणारा, आणि पुढं मिठाच्या व्यापारावर गबर झालेलं हे संस्थान. मठ आणि दरबार एकाच घरात म्हणा ना.

वर जायला १८९२ पासूनची दोरीवरची रेल्वे आहे. बसलो की पोचलोच. सगळी गर्दी थेट सोनेरी दालनाकडं पळाली. मी मात्र चौकात थांबले, कारण तिथं दगडी कठड्याचं पाण्याचं टाकं होतं, १५३९ चं. गडाच्या डोक्यावर नदी कुठली येणार, पावसाचंच पाणी साठवायचं. ह्यांना म्हटलं, “ही यांची अंधारबाव.” तशी ती नव्हे, हे मलाही कळतं. आपली तीन मजली, खाली पाणी, मधून बाहेर पडायला चोरवाट, आणि शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून सगळं झाकलेलं. यांचं टाकं उघड्या चौकात. पण काळजी तीच. मुलगा माझ्याकडं बघतच राहिला. आई फोटो न काढता टाकं काय बघत बसली, असं त्याला झालं असणार.

पण खरी मजा मागच्या बाजूला, नोनबर्गच्या मठाच्या अंगाला. तिथं गवताच्या चढावरून एक अरुंद रूळ सरळ वर जातो आणि तटाच्या भिंतीत शिरतो. हा राइसत्सुग, माल वर ओढायची गाडी. तिचा लेखी उल्लेख १५१५ चा आहे. तेव्हा लाकडी रूळ, तागाचा दोर आणि ओढायला माणसं नाहीतर जनावरं. वाटेत एकामागं एक पाच तट आणि प्रत्येकाला जाड लाकडी दार. गाडीला वाट दिली, पण शत्रूला तीच वाट मिळू नये म्हणून दारं ठेवली. आता मोटर बसवलीय, तरी अजून सामान वर त्याच वाटेनं जातं. तुम्ही असता तर तिथून हलला नसता, आणि आम्हालाही हलू दिलं नसतं.

सोनेरी दालनही मागनं बघितलं, नाही असं नाही. लेओनहार्ड फॉन कॉयट्शाख या आर्चबिशपनं १४९५ ते १५१९ या काळात गडाचा पुष्कळ भाग वाढवला. त्याच्या चिन्हात चक्क सलगम! गडभर जिथं तिथं तो कंद कोरलेला, एका ठिकाणी तर सिंहाच्या पंजात. आपल्या गडांच्या दरवाजांवर शरभ हा काल्पनिक पशू हत्तींना नखात धरतो, इथला सिंह भाजी धरून बसलेला. मला हसू आवरेना. वोल्फ डीट्रिख नावाच्या दुसऱ्या आर्चबिशपला तर याच गडावर कैदेत ठेवलं, गादीवर बसला नात्यातलाच माणूस, आणि १६१७ मध्ये वोल्फ डीट्रिख कैदेतच वारला. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडंच असते होय.

१५२५ मध्ये शेतकरी आणि खाणकामगारांनी वेढा दिला, आर्चबिशप आत अडकला, पण गड पडला नाही. तिथली दंतकथा सांगतात, आतल्यांकडं एकच बैल उरला होता. त्याला रोज वेगळा रंग फासून तटावर फिरवायचे, म्हणजे खालच्यांना वाटावं, वर अजून गोठा भरलेला आहे. मला लगेच गंगा, यमुना, सरस्वती ही तुम्ही दाखवलेली अंबरखान्याची कोठारं आठवली. सिद्दी जौहरच्या १६६० च्या वेढ्यात महाराज मार्चपासून पार जुलैपर्यंत अडकले होते, तेव्हा आपल्याला बैल रंगवायची पाळी आली नाही. मुलगा कौतुकानं सांगत होता, हा गड लढून कुणी घेतलाच नाही. म्हटलं, त्यांना कोंडाजी फर्जंद भेटला नसेल. १६७३ मध्ये साठ मावळ्यांनिशी रात्रीत पन्हाळा घेणारा.

काका, त्या दिवशी पैसे देताना ह्यांनी घासाघीस केली, आणि तुम्ही हसून जे दिलं ते घेतलंत. गणपतीला मुलगा येतोय, सोबत त्याचे दोन जर्मन मित्र. त्यांना घेऊन येणार आहोत, जेवणाची ऑर्डर न देता, आणि पैसे तुम्ही सांगाल तेवढे. फक्त एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. साल्झबर्गवाल्यांनी रूळ घातला. आपल्या अंबरखान्यात एवढा दाणा वर चढवला कसा?

तुमची,
राजारामपुरीची एक पाहुणी