पुष्पगुच्छ टिकतो तो वाळल्याने, रेझिनने नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नातला पुष्पगुच्छ आठवण म्हणून जपायचा, तर सल्ल्यांना तोटा नसतो. उलटा टांगा, मायक्रोवेव्हमध्ये घाला, हेअरस्प्रे मारा, रेझिनमध्ये (ओतल्यावर काचेसारखे कडक होणाऱ्या पारदर्शक द्रवात) बसवून घ्या. चारही गोष्टी अशा एका दमात सांगितल्या जातात, की त्यांतली कोणतीही एक उचलली तरी चालेल असे वाटावे. फुले सुकवण्याचे काम करणाऱ्या आम्हा मंडळींकडे लोक येतात ते बहुधा यातले काहीतरी फसल्यावर. म्हणून हे पत्र, आणि ते जरा लांबणार आहे.

ताज्या फुलात वजनाच्या सुमारे ८० ते ९० टक्के पाणी असते. पाकळी कुजते, तपकिरी पडते, तिला बुरशी लागते ती या पाण्यामुळे. तेव्हा टिकवणे म्हणजे पाणी काढणे. चौकट, काच, रेझिन, स्प्रे हे सगळे त्यानंतरचे. हा क्रम उलटला की पैसे आणि गुच्छ दोन्ही जातात.

पहिले दोन दिवस सगळ्यात मोलाचे, आणि नेमके तेच समारंभाच्या धांदलीत निघून जातात. गुच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. आत दव धरते आणि ओल्या पाकळीवर करड्या बुरशीचे ठिपके उठतात. ते ठिपके सुकवल्यावर जात नाहीत, उलट गडद होतात. देठांची टोके दोन-तीन सेंटिमीटर तिरकी कापून स्वच्छ पाण्यात उभी ठेवावीत, पाकळ्यांवर पाणी शिंपडू नये. रात्रभर ठेवायचाच असेल तर फ्रिजच्या खालच्या खणात, पण पिकलेल्या फळांपासून लांब. फळांतून निघणारा इथिलीन वायू पाकळ्या गळवतो. ऑर्किड आणि अँथुरियम मात्र फ्रिजमध्ये नकोत. ती उष्ण प्रदेशातली फुले गारठ्याने काळवंडतात. फ्रीझरचा खण तर कोणत्याच ताज्या फुलासाठी नाही. पेशीतल्या पाण्याचा बर्फ होतो, पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर पाकळीचा लगदा होतो.

अख्खा गुच्छ जसाच्या तसा सुकवता येत नाही, हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. गुलाबाला लागतात तितके दिवस बारीक फुलांना लागत नाहीत, आणि दाट बांधलेल्या देठांच्या मधोमध ओल अडकून तिथे बुरशी धरते. म्हणून चारही बाजूंनी आणि वरून फोटो काढावेत, फुले मोजावीत आणि गुच्छ मोकळा करावा. मांडणी पुन्हा फोटो बघूनच करायची असते. सुकवायला घेतलेले फूल अर्धे ते पाऊण उमललेले असावे. पूर्ण फुललेला गुलाब डब्यातून काढताना पाकळ्या सोडतो. तरी तो हवाच असेल, तर पाकळ्या जिथे हिरव्या पेल्याला जोडलेल्या असतात तिथे पांढऱ्या गोंदाचा थेंब पाणी घालून पातळ करून सोडावा आणि तो वाळू द्यावा. लिलीचे पुंकेसर आधी चिमटीने काढून टाकावेत, नाहीतर त्यांच्या परागाचे डाग पाकळ्यांवर कायमचे बसतात.

घरी करण्यासारखी सर्वांत भरवशाची पद्धत सिलिका जेलची, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या कोरड्या कणांची. पण जेल वाळूसारखे बारीक हवे. पुड्यांतून येणारे मोठे मणी पाकळीवर खड्डे पाडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात तळाशी दोन-तीन सेंटिमीटर थर द्यावा. फुलाचा देठ दोन-तीन सेंटिमीटर ठेवून बाकीचा कापावा आणि फूल वर तोंड करून उभे रोवावे. जरबेरासारखी चपटी फुले मात्र छोट्या ढिगावर पालथी घालावीत. मग चमच्याने जेल फुलाच्या भोवतीने सोडत जावे, डबा हलकेच ठोकावा, म्हणजे कण आपोआप पाकळ्यांच्या मध्ये शिरतात. घाई करून वरून ओतले की फूल दबते आणि त्याच आकारात वाळते. फूल पूर्ण झाकून वर आणखी एक-दोन सेंटिमीटर थर आला की झाकणाला चिकटपट्टी लावावी.

किती जेल लागते, हे कोणी धड सांगत नाही. ३० बाय २० बाय १२ सेंटिमीटरचा डबा साधारण सात लिटरचा होतो आणि त्यात सुमारे पाच किलो जेल मावते. एवढ्यात सहा गुलाब बसतात, एकमेकांना न टेकता. सहा गुलाबांतले पाणी जेमतेम ५० ग्रॅम. म्हणजे एवढे जेल पाणी शोषायला लागत नाही, पाकळीला सगळीकडून आधार द्यायला लागते. ‘किलोभर पुरेल’ म्हणणाऱ्याच्या फुलाचा आकार बिघडतो तो यामुळेच. याची दुसरी बाजू अशी, की तेच जेल बरेच वेळा वापरता येते. थकले की ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसला पातळ पसरून दीड-दोन तास तापवावे, बंद डब्यात पूर्ण गार करावे आणि मगच वापरावे. निळे जेल ओलाव्याने गुलाबी होते, तो कोबाल्ट क्लोराइडचा गुण. ते विषारी आहे, म्हणून नारिंगी किंवा बिनरंगी जेल घ्यावे. कोणतेही जेल ओतताना तोंडाला मास्क हवा, बारीक धूळ घशाला लागते.

बारीक फुले दोन-तीन दिवसांत वाळतात, गुलाब पाच ते सात, मांसल आणि दाट पाकळ्यांची फुले आठ-दहा. पाकळी कागदासारखी कुरकुरली की झाले, असे समजून लोक फूल काढतात. फसगत इथेच होते. पाकळी वाळली तरी तिच्या बुडाशी, हिरव्या पेल्यात, ओल शिल्लक असते आणि ती दोन दिवसांत पाकळीत परत चढते. फूल ओढून काढू नये, जेल हळूहळू ओतून ते उघडे करावे, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी आणि आणखी एक दिवस त्याच डब्यात जेलवर नुसते ठेवून झाकण लावावे. खात्री करायची तर वजन करावे. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. दहा ग्रॅमचे फूल दीड-दोन ग्रॅमवर येऊन सलग दोन दिवस तिथेच थांबले, की ते वाळले. डोळ्यांवर आणि बोटांवर विसंबण्यापेक्षा हे बरे. फार दिवस विसरले तर मात्र फूल ठिसूळ होऊन हातातच मोडते.

रंगाबद्दल आधीच मन तयार ठेवावे. पाणी गेले की रंगद्रव्य दाटते, त्यामुळे लाल गुलाब गडद मरून रंगाचा आणि कधी जवळजवळ काळा होतो. पांढरा सायीच्या रंगाकडे झुकतो, आणि त्याला जिथे बोट लागले असेल तिथे तपकिरी डाग उमटतो. गुलाबी, पिवळा, नारिंगी हे त्यातल्या त्यात मूळ रंगाच्या जवळ राहतात. ‘रंग जसाच्या तसा’ हे वचन देणारा एकतर अनुभवी नाही किंवा फुलांवर रंग मारणार आहे. रंग मारणे वाईट नव्हे, पण तसे सांगून मारावा.

उलटे टांगणे चुकीचे नाही, फक्त ते ठरावीक फुलांचे काम आहे. जिप्सोफिला, स्टॅटिस, लव्हेंडर, स्ट्रॉफ्लॉवर यांना ते छान मानवते. छोट्या जुड्या रबरबँडने बांधाव्यात, कारण देठ आकसले की दोऱ्यातून निसटतात. अंधारी, कोरडी, वारा खेळता अशी जागा हवी आणि दोन-तीन आठवडे हवेत. दमट हवेत टांगलेला गुच्छ वाळण्याऐवजी सडतो. गुलाब टांगून वाळतो खरा, पण सुरकुततो आणि जास्तच काळवंडतो. मायक्रोवेव्हमध्ये फूल जेलमध्ये पुरूनच आणि काही सेकंदांच्या टप्प्यांनी तापवावे लागते, आणि गुच्छ बांधताना देठात घातलेली तार राहिली तर ठिणग्या उडतात. अख्ख्या गुच्छासाठी तो मार्ग आम्ही सुचवणार नाही. पानांचे गणित वेगळे. निलगिरी किंवा रस्कसची जून पाने ग्लिसरीन एक भाग आणि गरम पाणी दोन भाग अशा मिश्रणात देठ बुडवून ठेवली, तर एक ते तीन आठवड्यांत पाने ते मिश्रण आत ओढून घेतात. ती लवचीक राहतात, रंग मात्र शेवाळी किंवा तपकिरी होतो. आणि गुच्छात सक्युलंट (जाड, रसाळ पानांचे रोप) असेल तर कृपया ते वाळवू नका, कुंडीत लावा. ते जगते.

फ्रीज ड्रायिंग ही आकाराच्या दृष्टीने सर्वांत सरस पद्धत. फूल गोठवून निर्वातात ठेवतात आणि दाब सुमारे ६ मिलिबारच्या खाली गेला की बर्फ पाणी न होता थेट वाफ होतो. पाकळी आकसत नाही. यंत्र मोठे आणि महाग असते, दोन-तीन आठवडे लागतात, आणि अशी फुले नंतर हवेतला ओलावा चटकन ओढतात, म्हणून त्यांना लेप द्यावाच लागतो.

आता रेझिन, ज्याच्यासाठी मुळात लेखणी उचलली. इपॉक्सी रेझिन फुलाला हवेपासून बंद करते, पण फुलातले पाणीही आत बंद करते. ओलसर फूल आत गेले, की काही आठवड्यांत त्याच्याभोवती तपकिरी कडे दिसू लागते, बुडबुडे धरतात आणि पाकळी कुजते. मग काही करता येत नाही. ठोकळा फोडून फूल निघत नाही. दिसायला निर्दोष गुच्छ हाती पडतो आणि बिघाड नंतर कळतो, हेच यातले वाईट.

फूल पूर्ण वाळल्यावरही ओतण्याचे काही नियम आहेत. कोरडी पाकळी रेझिन पिऊन पारदर्शक होते, म्हणून आधी पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. रेझिन आणि हार्डनरचे (त्याला घट्ट करणाऱ्या दुसऱ्या द्रवाचे) प्रमाण डब्यावर असेल तेच घ्यावे, आणि ते आकारमानाने आहे की वजनाने, हे वाचावे. हार्डनर सहसा हलका असतो, त्यामुळे आकारमानाचे २:१ म्हणजे वजनाचे २:१ नव्हे. इथे चुकलेला ठोकळा कायम चिकट राहतो. तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावे, कडा आणि तळ खरवडून घ्यावा, मग दुसऱ्या पेल्यात ओतून पुन्हा ढवळावे. खोली २२ ते २५ अंशांची आणि कोरडी हवी. पहिला थर चार-पाच मिलिमीटरचा. तो घट्टसर झाला की फुले ठेवावीत, पाकळ्यांच्या पोकळीत ड्रॉपरने रेझिन भरावे, नाहीतर अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येते. त्यानंतरचे थरही पातळच. झटपट घट्ट होणारे रेझिन एकदम जाड ओतले तर ते तापते, तडकते, पिवळे पडते आणि पाकळ्या भाजून निघतात. जाड थरासाठी वेगळे, सावकाश घट्ट होणारे रेझिन मिळते. साच्यातून दुसऱ्या दिवशी निघाले तरी पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा जातो. हातात नायट्राइल मोजे आणि खिडकी उघडी असावी. हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही. १५ बाय १५ बाय ८ सेंटिमीटरचा ठोकळा दोन किलोच्या आसपास भरतो, तेव्हा तो ठेवायची फळी कोणती, तेही आधी ठरवावे.

शिवाय रेझिन स्वतः उन्हाने पिवळे पडते, फुलाचा रंगही उडतो. चौकटीत असो वा ठोकळ्यात, थेट ऊन आणि प्रखर दिवा टाळावा. चौकट फुलांच्या उंचीपेक्षा खोल असावी, म्हणजे काच पाकळीला टेकत नाही, आणि मागे सिलिका जेलची पुडी ठेवावी. फुले हॉट ग्लूने चिकटवली तर उकाड्यात सुटतात. हेअरस्प्रे ओलावा अडवत नाही, चिकट राहून धूळ मात्र धरतो. चौकटीत पिठासारखा भुगा दिसला तर कीड लागली आहे. फुले हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावीत आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी. ताज्या फुलाला वर्ज्य असलेला फ्रीझर वाळलेल्याला चालतो, कारण त्यात गोठायला पाणी उरलेले नसते.

गुच्छ जपून देण्याचे काम घेणाऱ्या व्यावसायिकांकडून एवढीच अपेक्षा आहे, की त्यांनी काही गोष्टी लेखी द्याव्यात: वाळवण्याची पद्धत कोणती, रंग मारणार का, आणि खराब फुलांच्या जागी दुसरी घालणार असाल तर किती. अशी बदललेली फुले गुच्छात असतात, हे ग्राहकाला अनेकदा माहीतच नसते. आणि रेझिन ओतायचे असेल, तर त्याआधीच्या सलग दोन दिवसांचे फुलांचे वजन त्याच कागदावर लिहावे.

आपले,
फुले सुकवण्याचे काम करणारे काही वाचक