अण्णा, शेठच्या पाया पडायला जाऊ नका

छत्रपती संभाजीनगर
ज्येष्ठ वद्य एकादशी, २ जुलै २०२४

तीर्थरूप अण्णा आणि माय,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर अण्णा एकदम गप्प झाले आणि मायनं फोन काढून घेतला, तेव्हाच ठरवलं की हे लिहून कळवायचं. पत्र दादाच्या पोरीकडून वाचून घ्या. दादाला देऊ नका, तो मधलं मधलं गाळतो.

आधी माझं सगळं नीट आहे ते ऐका. खोली तीच आहे, यंदा छत गळत नाही. नळाला पाणी रोज येत नाही, पण घरमालकीणबाईंची टाकी मोठी आहे. खानावळ सोडली, आता आम्ही तिघी मिळून रांधतो. माय, तू दिलेलं काळं तिखट अजून अर्धा डबा आहे. रात्री घरी येताना चौघी एकाच रिक्षात असतो. माझी काळजी करू नका.

आता ते. आमच्या साड्यांच्या दुकानातल्या पोरींनी कामगार कार्यालयात केलेल्या अर्जावर माझी सही आहे आणि सगळ्यात वर आहे. शेठनी तुम्हाला फोनवर सांगितलं की पोरगी कुणाच्या तरी नादी लागली. नाही लागली. सोळा जणींनी मिळून अर्ज लिहिला, पहिली सही कुणी करायची म्हणून सगळ्या एकमेकींकडं बघत बसल्या, आणि माझ्या हातात पेन होता. एवढंच. शेठनी मला कॅश काउंटरवर बसवतो, दोन हजार वाढवतो, असंही म्हटलं होतं. मी नको म्हणाले. हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते.

अण्णा, तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी शेठनी वीस हजार काढून दिले, त्या माणसाविरुद्ध अर्ज कसा करायचा. मीही आठ रात्री हाच विचार केला. पण अण्णा, ती उचल होती. दर महिन्याला दीड हजार पगारातून कापून गेल्या दिवाळीत फिटली. वहीत महिन्यावार लिहिलंय, येताना दाखवीन. शेठ वाईट आहेत असं मी म्हणतच नाही. दिंडीला दरवर्षी जेवण घालतात, गळ्यात माळ आहे, आम्हाला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. पण दुकान मोठं केलं तेव्हा गादी काढली आणि काचेचे काउंटर आणले. गादीवर गिऱ्हाईक बसायचं तसं आपणही बसायचो. आता सकाळी साडेनऊला उभं राहायचं ते रात्री दुकान वाढवेपर्यंत. लग्नसराईत बस्ते चालू असले की दहा वाजतात. भिंतीला टेकलं तरी कॅमेऱ्यात दिसतं. पाण्याची बाटली काउंटरवर दिसली की पन्नास रुपये दंड. आणि दंड लिहायची वही ठेवलीय गल्ल्यावर, बरोबर नाथांच्या तसबिरीखाली.

आम्ही काही आकाशातलं मागितलेलं नाही. २०१७ सालच्या दुकानांच्या कायद्यात जे लिहिलंय तेच: दिवसाला नऊ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी, जादा तासांना दुप्पट पैसे, आणि बाईला तिच्या संमतीशिवाय रात्री साडेनऊनंतर थांबवायचं नाही. बसायचा हक्क म्हणून केरळात २०१८ साली आणि तमिळनाडूत २०२१ साली कायदा झाला. तिथंही साड्यांच्या दुकानातल्या बायाच होत्या पुढं.

बाकी सोडा, तुम्हाला भजनी मंडळाची गोष्ट सांगते, अण्णा, ती तुम्हाला आवडेल.

गेल्या महिन्यात सिडकोतल्या एका भजनी मंडळाच्या बाया आल्या. आषाढीच्या कार्यक्रमाला एकसारख्या साड्या हव्या होत्या, चाळीस नग. असं गिऱ्हाईक आलं की शेठ स्वतः उठून येतात, चहा सांगतात. मी साड्या उलगडत होते, पन्नास-साठ तरी उलगडल्या असतील. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "बस की गं पोरी जरा." मी नुसती हसले. "कितीला आलीस सकाळी?" साडेनऊला, म्हटलं. घड्याळात सात वाजून गेले होते. तिनं शेठकडं बघितलंच नाही, नाथांच्या तसबिरीकडं बघून बोलली, "शेठ, नाथांच्या घरी श्रीखंड्यानं किती वर्षं पाणी भरलं हो?" शेठ खुशीत म्हणाले, "बारा वर्षं." "आणि तो देव होता हे कधी कळलं?" शेठ म्हणाले, "निघून गेल्यावर." "हां," म्हणाली म्हातारी, आणि चपला घातल्या. सगळ्या बाया तिच्या मागं उठल्या. "पोरींना बसायला स्टूल आले की निरोप धाडा, मग येऊ."

खरं सांगू? मला त्या म्हातारीचा रागच आला होता. त्या साठ साड्यांच्या घड्या मलाच घालायच्या होत्या, खोलीवर यायला साडेदहा वाजले. दुसऱ्या दिवशी ती मागच्या दाराशी डब्यात शेंगदाण्याचे लाडू घेऊन उभी. म्हणाली, तुझ्या घड्यांचं माझ्या ध्यानातच आलं नाही गं. तिथून हे सुरू झालं. तिनं आणखी दोन मंडळांना सांगितलं. चाळीस-चाळीस साड्यांची गिऱ्हाइकं अडली म्हणून आठ दिवसांत दोन काउंटरांमागं स्टूल आले आणि पाण्याचा दंड बंद झाला. सुट्टी आणि जादा तासांचं अजून आलं नाही. त्यासाठी अर्ज.

अर्ज लिहायला जागा नव्हती. एका मैत्रिणीच्या वस्तीतल्या विहारात भन्तेजींनी दर गुरुवारी रात्री हॉल उघडून दिला. आत्याला हे सांगू नका, ती काय म्हणेल मला पाठ आहे. पण तिथं मी पोटभर जेवते आणि कुणी आडनाव विचारत नाही. किराडपुऱ्याची एक पोरगी आमच्यात आहे. रमजानमध्ये तिला गोदामात उभ्यानंच खजूर तोंडात टाकून रोजा सोडावा लागला. तिच्या मशिदीतले दोन बुजुर्ग शेठना भेटून आले. त्यांच्यात म्हणे मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्यायला सांगितलंय. गेल्या वर्षी रामनवमीच्या वेळी इथं दंगल झाली ती तुम्ही टीव्हीवर पाहिलीत, म्हणून तुम्हाला भीती वाटते. मला कळतं. पण त्याच शहरात त्या बुजुर्गांनी आणि भजनी मंडळाच्या म्हातारीनं एका सतरंजीवर बसून आमचा अर्ज वाचला, हेही शहरच आहे.

विहारात एक निवृत्त गुरुजी येतात. त्यांनी सांगितलं, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळं. ते जोतिबा फुल्यांचे सहकारी. सुट्टी रविवारीच का, तर तो खंडोबाचा वार, असं त्यांचं म्हणणं होतं. मला हसूच आलं. अण्णा, रविवारी भंडारा लावल्याशिवाय तुम्ही चहा घेत नाही, आणि तुमच्या पोरीला तो वार कधी येतो आणि जातो तेही कळत नाही. आम्हाला रविवारच हवा असंही नाही. रविवारी दुकानात गर्दी असते, मंगळवार द्या. पण पगार न कापता द्या.

इथं सुट्टी घेतली की एका दिवसाला दोन दिवसांचा पगार जातो. त्याला काय म्हणतात माहीत आहे का? खाडा. उसाच्या फडात मुकादम पाचशे रुपये कापायचा, तोच शब्द.

माय, तुझ्या ऑपरेशनचं लिहिणार नव्हते. पण मागच्या महिन्यात मला लघवीचा त्रास झाला (आता बरा आहे, गोळ्या संपल्या) तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी कमी पितेस. मग तू आठवलीस. पिशवी काढून महिनाही झाला नव्हता आणि तू मोळ्या बांधत होतीस, मला आजीकडं ठेवून. खाड्याच्या भीतीनं. पालावर तेव्हा मुकादमाशिवाय कोण आलं होतं? अण्णा, हा टोमणा नाही. तुम्ही काय करू शकत होतात. तुमच्या कोयत्यावरच मी बारावी झाले. फक्त एवढंच म्हणते की माझ्याकडं कुणीतरी आलंय, तर मी सही मागं घेऊ का?

कामगार कार्यालयात आषाढीनंतर तारीख आहे. नोकरी गेलीच तर दुसरं दुकान बघीन, शहरात दुकानांना तोटा नाही. घरी परत ये म्हणू नका. म्हणालात तर मी येईन, म्हणूनच म्हणू नका.

आता माझं ऐका. शेठना परत फोन करायचा नाही. त्यांच्या पाया पडायला इकडं यायचं नाही, आणि गाय विकून पैसे परत करायची भाषा तर मुळीच नाही, ते फिटलेत. आज एकादशी, म्हणजे अण्णांनी सकाळची साखरेची गोळी घेतलीच नसणार. गोळी घ्या आणि भगर खा. साबुदाणा नको, डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय. डोळ्याचे थेंब संपले असतील तर पाटोद्याहून दादा आणील. माय, बीपीची गोळी डोकं दुखल्यावर घ्यायची नसते, रोज घ्यायची असते. किती वेळा सांगू.

नाथांची पालखी आपल्याकडून गेली का? वारकऱ्यांना पाण्याचा हंडा दरवर्षीसारखा ओट्यावर ठेवा. पण माय, तो तू उचलायचा नाही. दादाला सांग, आणि तो नाही म्हणाला तर मला फोन कर.

तुमची,
बारकी

ता. क. ज्वारीचं पीठ आठ दिवस पुरेल. नवं दळशील तेव्हा थोडं जास्तीचं पाठव, त्या म्हातारीला डबा रिकामा परत द्यायचा नाही.